पाठ दाखवायची नाही

संस्थान विलीन झालं, पुढे तनखाही बंद झाला, आणि आंबेरखोलचे राजेसाहेब मुलुंडच्या दोन खोल्यांत राज्य करू लागले. नियम एकच उरला होता : महाराजांना पाठ दाखवायची नाही. दूधवालासुद्धा उलटा चालत दाराबाहेर पडायचा. दोनदा चपलांवर आपटलाही.

एक्क्याऐंशी साली युवराज जयवंतला अंधेरीच्या कारखान्यात नोकरी लागली. राजेसाहेब कडाडले, "आमचा वारस भोंगा वाजला की पळणार?"

"आबासाहेब, राज्य आहे कुठं? खाली रिक्षा स्टँड आहे!" असं म्हणून जयवंत वळला आणि चक्क पाठ दाखवून निघून गेला.

तो अंधेरीतच राहिला. दिवाळीत जाऊन माफी मागायची, असं त्याने ठरवलं होतं. आबासाहेब दसऱ्यालाच वारले.

अग्नी दिल्यावर गुरुजी म्हणाले, "चला आता. मागे बघायचं नाही हं."

जयवंतने चितेला मुजरा केला आणि तिच्याकडे तोंड करून तो उलटा चालू लागला.

"अहो, असं चालत नाही!"

"आमच्यात असंच चालतात, गुरुजी."

फाटकापाशी ठेचकाळून तो पडला. दूधवाल्याने हात देऊन उठवलं. तोही उलटाच चालत आला होता.