सुटला की सोडला

वकीलबाईंनी फोन बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात उभा केला, म्हणजे आवाज मोठा येतो, आणि आपली खुर्ची मागे ओढली. डब्यातून नुसती खरखर येत होती. दुभाषीबाईंनी चष्मा काढून पुसला. तो काही मळला नव्हता.

समोर मुलगी बसली होती. लढाईच्या पळापळीत ती लहानपणीच आईपासून तुटली, आणि कुणीतरी तिला उचलून गालिच्यांच्या कारखान्यात डांबलं. सगळं बालपण मागापाशी गेलं. वकीलबाईंच्या संस्थेने तिला सोडवलं, मग जंग जंग पछाडून सरहद्दीपलीकडच्या छावणीत तिची आई शोधली. पण मुलगी आपली भाषा साफ विसरली होती, म्हणून दुभाषीबाईंना बोलावणं.

"तुझ्या आईनेच तुला टाकलं," मालक रोज सुनवायचा. ते तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

"आधी तिला विचारा," मुलगी म्हणाली. "मग जायचं की नाही, ते मी बघेन."

दुभाष्याचा एक नियम असतो. बोलणारा 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं. 'ती असं म्हणते' हे लटांबर मध्ये नको. नवख्यांना शिकवताना बाई हसून सांगत, "अगं, दिवसातून चार जणांची आई होते मी, आणि चार जणांची लेक!"

त्यांची स्वतःची आई आधीच्या एका लढाईत मागे राहिली होती. पुढच्या गाडीने येते म्हणाली, ती आलीच नाही. कुठल्याच छावणीत तिचा पत्ता लागला नाही. बाईंचे केस पांढरे झाले, पण आई हवी होती त्यांना. या वयातही, अगदी हट्टाने हवी होती.

खरखर थांबली. पलीकडे एक म्हातारा आवाज बोलू लागला, रडू लागला, पुन्हा बोलू लागला.

"बाळा, मी तुझी आई," दुभाषीबाई म्हणाल्या. "आपण नाल्यापाशी आलो होतो. मागे गोळीबार चालला होता. तिथे तुझा हात सुटला."

मुलीने मान वर केली.

"सुटला, की सोडला?"

बाई चपापल्या. म्हातारीच्या आणि त्यांच्या भाषेत दोन्हीला एकच शब्द. म्हातारीने तो उच्चारला आणि बाईंनी विचारही न करता त्यातला सोसवेल तो अर्थ उचलला होता. इतक्या वर्षांच्या कामात असं कधी झालं नव्हतं.

"ते मी माझ्या मनाने म्हटलं," त्या मुलीला म्हणाल्या. "चुकलंच माझं. विचारते."

फोनकडे वळून त्यांनी फोड करून विचारलं: आपोआप निसटला, का तू होऊन सोडलास?

फोन कटला की काय म्हणून वकीलबाईंनी डब्यात डोकावून पाहिलं. मग आवाज आला, अगदी बारीक.

"सोडला," दुभाषीबाई म्हणाल्या. "मी सोडला. कडेवर तान्हा होता. पाण्याला ओढ होती, दोघांना घेऊन जाता येईना. तुला झुडपाआड बसवलं, म्हटलं हलू नकोस, याला ठेवून आलेच. आले तेव्हा तू नव्हतीस."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. सगळं मुसळ केरात गेलं, असंच त्यांना वाटलं असणार. मुलगी मात्र हुंदका आवरत डब्याकडे बघत राहिली.

"खोटं बोलली असती तर मला कुठे कळणार होतं?" ती पुटपुटली. मग नाक पुसून म्हणाली, "सांगा तिला. आई, मी येतेय."

दुसऱ्यांच्या वतीने दुभाषीबाई आजवर कितीदा 'आई' म्हणाल्या होत्या. 'येतेय' म्हणायची पाळी कधी आली नव्हती.

"आई," त्या आपल्या भाषेत म्हणाल्या, "मी येतेय."

"ये गं," पलीकडून आलं. "ये माझ्या राणी. किती उशीर केलास!"

"काय म्हणाली?" मुलीने विचारलं.

बाईंनी डब्याच्या काठावर हात ठेवला.

"काय म्हणाली हो?"

"सांगते," दुभाषीबाई म्हणाल्या. "जरा थांब ना. सांगते."