मॅकदारा नावाचा पाहुणा

माझ्या भावजयीने आपल्या मुलाचं नाव इंटरनेटवरून काढलं. लीशा डब्लिनची. तिथल्या पाळणाघरांत म्हणे एका नावाची चार-चार पोरं असतात, आणि हिला आपला मुलगा त्या गर्दीत नको होता. म्हणून तिने पोट सांभाळत सोफ्यावर बसल्या बसल्या दुर्मीळ आयरिश नावं धुंडाळली आणि एक उचललं. मॅकदारा. अर्थ, ओकचा मुलगा. लोकप्रियता, जवळपास नाहीच.

तिचा फोन आला तेव्हा मी दुकानात बटाट्याचं पोतं सरकवत होते. "नॉरीन, ऐकतेयस ना? कुणाकडेच नाही हे नाव," ती म्हणाली. मी पोतं तिथेच सोडलं आणि त्यावर बसले.

इथे पश्चिम किनाऱ्यावर, आमच्या शाळेत, एकाच वर्गात पाच मॅकदारा होते. समोरच्या बेटावरचा संत मॅकदारा दर्यावर जाणाऱ्यांना सांभाळतो, त्यामुळे या खाडीत ते नाव घरटी एक असतंच. कोण कुठला हे कळावं म्हणून नावापुढे बापाचं आणि त्यापुढे आजोबांचं नाव लावायचं. मास्तर हजेरीही तशीच घ्यायचे. मात्र डोंगर ओलांडून पलीकडे गेलात तर ते नाव कुणी ऐकलेलंसुद्धा नसतं. एरवी मी लीशाची चांगली फिरकी घेतली असती. पण आमच्या घरातही एक मॅकदारा होता, माझा थोरला भाऊ. एकोणीस वर्षांचा, खेकड्यांचे पिंजरे उचलायला एकटा गेला. होडी सापडली, तो सापडला नाही.

तेव्हापासून आमच्या बाबाने, म्हणजे बार्तलाने, ते नाव तोंडातून काढलं नाही. आधी 'थोरला' म्हणायचा, मग तेही सुटलं. गावातल्या बाकीच्या मॅकदारांना तो 'पीटरचा पोरगा', 'टॉमचा पोरगा' अशी हाक मारायचा, आणि त्यांनीही कधी वाईट वाटून घेतलं नाही. संताच्या जत्रेच्या दिवशी त्या बेटावर जाणं त्याने सोडलं. बेटावरून जाताना इथली प्रत्येक होडी शीड तीनदा खाली घेते, संताला मान म्हणून. बाबाची होडी तेवढी ताठ जायची. लोक बघायचे आणि गप्प बसायचे. त्याबद्दल मी या लोकांची जन्मभर ऋणी आहे.

माझा धाकटा भाऊ फेहीन, म्हणजे लीशाचा नवरा, थोरला बुडाला तेव्हा चार वर्षांचा होता. एक भाऊ बुडाला एवढंच त्याने बायकोला सांगितलं होतं, नाव नाही. मी त्याला फोनवर चांगलं फैलावर घेतलं.

"तोंड शिवलं होतं का तुझं? बाबाचं काय होईल, विचार केलास?"

"तिने वाचून दाखवलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला," फेहीन म्हणाला. "बराच वेळ. तिला वाटलं, बाप होणार म्हणून रडतोय."

"मग बाहेर येऊन सांगायचं ना."

"काय सांगू? तिला काहीच माहीत नव्हतं, नॉरीन. एवढ्या नावांतून तिने हेच काढलं. मी कोण नको म्हणणारा?"

माझा राग तिथेच विरला. मी काही फार देवभोळी नाही, चर्चमधली रविवारची मिस्सा आणि मेणबत्ती एवढाच माझा हिशोब. पण त्या दिवशी अंगावर काटा आला. जे नाव आमच्या घराने दारं-खिडक्या लावून बाहेर ठेवलं होतं, ते दूर शहरात एका परक्या घरच्या पोरीच्या बोटाखाली येऊन थांबलं. कसं, ते मला आजही सांगता येत नाही.

जुलैत बाळाला घेऊन ते आले. बाप्तिस्मा इथेच, रविवारी करायचा होता. बाबाने बाळाला हातात घेतलं, त्याची पावलं बघितली, कान बघितले. फेहीनने नाव सांगितलं. चुलीवरच्या किटलीचं झाकण वाजत राहिलं.

"पाहुणा लांबून आलाय," बाबा म्हणाला. "दूध द्या त्याला."

तेव्हापासून तो पाहुणा. पाहुणा झोपला का, पाहुण्याच्या पोटात वारा धरलाय, पाहुण्याला उन्हात घ्या. लाड सगळे, नाव नाही. मांडीवरून खाली ठेवायचा नाही, पण नाव नाही. शेवटी मी लीशाला बाहेर नेऊन सगळं सांगितलं.

"आपण नाव बदलू," ती म्हणाली. "अजून बाप्तिस्मा झालेला नाही. आजोबांच्या तोंडून जे निघत नाही ते नाव त्याने जन्मभर कसं वागवायचं?"

फेहीनने खूप विनवलं, पण ती बधली नाही. शनिवारपर्यंत बाबाने ते नाव घेतलं नाही तर दुसरं नाव. मला तिचं म्हणणं पटत होतं, आणि पटतंय म्हणून जास्तच त्रास होत होता. हे नाव आता गेलं असतं तर पुन्हा या घरात आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच बाबासमोर जाऊन बसली. मी ताटल्या पुसत होते, म्हणजे कान तिकडेच होते.

"मला माफ करा. मला खरंच माहीत नव्हतं. ओकचा मुलगा असा अर्थ होता, तो आवडला."

"ओक?" बाबाने खिडकीबाहेर बोट दाखवलं. बाहेर नुसता दगड, आणि त्यापलीकडे पाणी. "इथे गाढव बांधायला झाड नाही, आणि म्हणे ओक."

"मग चूक आहे का तो अर्थ?"

"दारा म्हणजे ओक, शब्द तोच आहे. पण त्या संताच्या बापाचं नाव होतं दारा. मॅक म्हणजे मुलगा. दाराचा मुलगा, एवढाच अर्थ. त्याचं स्वतःचं नाव वेगळं होतं, शिनाख की काय ते, फादरना विचार. ते कुणी घेत नाही. एवढा मोठा संत झाला, पण नावात उरला बापच." बाबा पाहुण्याचं टोपडं सारखं करत राहिला. "पोराच्या नावात बाप राहिला तर राहू दे. बापाकडे नुसतं पोराचं नाव राहिलं, तर ते घेऊन त्याने काय करायचं?"

इतक्या वर्षांत बाबा थोरल्याबद्दल बोलला ते एवढंच, आणि तेही संताच्या आडून.

जत्रा शुक्रवारी होती. लीशाला बेट बघायचं होतं. मी म्हटलं, पीटर आणि त्याचा पोरगा नेतील तुम्हाला. बाबाने कप खाली ठेवला.

"पाहुणा दुसऱ्याच्या होडीत बसणार नाही," तो म्हणाला आणि बूट शोधायला उठला.

शुक्रवारी सकाळी वारा बेताचा होता. खाडीभर तांबडी-काळी शिडं. बेट जवळ आलं तशी पुढच्या होडीने शीड खाली घेतलं, वर केलं, पुन्हा खाली. मग तिच्या मागचीने, मग तिच्याही मागचीने. एवढ्या मोठ्या दर्यावर कुणी हुकूम देत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं, नुसती कापडं वाकत होती आणि उठत होती. मी हे लहानपणापासून बघत आले आहे, तरी बघतच राहिले. लीशाने बाळाला उचलून धरलं, त्याला काय दिसणार होतं कोण जाणे. फेहीनचा हात दोराकडे गेला.

"राहू दे," बाबा म्हणाला. आमचं शीड ताठच राहिलं. लीशाने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मला कळलं, तिने मनात दुसरं नाव ठरवलं.

बेट ते केवढंसं. त्यावर संताचं ते दगडी देऊळ, आमच्या दुकानाएवढंही नसेल, पण त्याचे दगड बघून वाटतं की माणसांनी ते उचललेच कसे. मिस्सा उघड्यावर झाली. नंतर माणसं गवतावर पांगली, चहा निघाला, सोडा ब्रेड निघाला. बाबा एका खडकावर पाहुण्याला घेऊन बसला होता. तिथे मेग म्हातारी आली. नव्वदी उलटलेली, दोन्ही कानांनी बहिरी, आणि कुणाच्या घरात काय बोलायचं नाही हे ती केव्हाच विसरली होती. तिने काठीने बाळाकडे बोट केलं आणि या खाडीत नव्या माणसाला जे विचारतात तेच विचारलं.

"कुणाचा रे हा?"

"फेहीनचा," बाबा म्हणाला.

"ते मला दिसतंय. नाव सांग की. सगळं."

लीशा चहा ओतता ओतता थांबली. मेग वाट बघत उभी, जायचं नाव घेईना. बाबाने बाळाकडे बघितलं. मग अगदी हळू, घसा खरवडून आल्यासारखा आवाज आला.

"मॅकदारा फेहीन बार्तला."

त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. त्या नावाच्या शेवटी त्याचं स्वतःचंच नाव होतं.

"ऐकू नाही आलं," मेग म्हणाली. "कोण?"

बाबा उठून उभा राहिला. छाती भरून वारा घेतला आणि ओरडला. "मॅकदारा!"

बेटावरची माणसं वळली. देवळाच्या भिंतीशी बसलेला पीटरचा पोरगा म्हणाला, "काय?" किनाऱ्यावर दोर गुंडाळणारा टॉमचा पोरगा ओरडला, "आलो, आलो." वरच्या अंगाने, खालच्या होड्यांतून, चहाच्या घोळक्यांतून, म्हातारे, तरणे, दाढीवाले, शाळकरी, जो तो आपल्यालाच बोलावलंय असं समजून ओ देत होता.

थोरला गेला त्या संध्याकाळी बाबा खडकावर उभा राहून हेच नाव घसा फाटेस्तोवर ओरडला होता. मी त्याचा कोट धरून उभी होते. पाण्यावरून काहीच परत आलं नव्हतं.

आता बाबा पाहुण्याला छातीशी धरून उभा होता आणि त्याचा सगळा चेहरा ओला झाला होता. "तुम्ही नाही रे," तो सगळ्यांना म्हणत होता. "तुम्ही नाही. हा. आमचा."