मोठ्यानं न वाचलेली यासीन

मित्रांनो, माझं नाव रेहल. सागवानाची आहे, आता काळी पडले आहे आणि एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे. कुराण शरीफ जमिनीवर ठेवत नाहीत. ते माझ्यावर उघडून ठेवतात आणि पुढ्यात मांडी घालून वाचतात. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की आपण किती उपयोगी पडलो ते रंगवून सांगतात. मला तसं जमणार नाही. मला जे सांगायचं आहे, त्याची मला लाज वाटते. तरी सांगते.

आदिलाबाद जिल्ह्यात, नेरडीगोंड्याजवळच्या एका खेड्यात फकिरा सुतारानं मला घडवलं. तो बैलगाड्या आणि वखरं करायचा. एके दिवशी माझी पुढची मालकीण खैरुन, तिचे वडील त्याच्या दारात येऊन उभे राहिले. "फकिरा, पोरीचं लगन जमलं. एक रेहल करून दे. चांगली बेलबुट्टी काढ तिच्यावर."

फकिरानं रेहल मशिदीत पाहिली होती, केली कधीच नव्हती. ती एकाच फळीतून कापून काढावी लागते, ना खिळा, ना बिजागरी. दोन हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तशा तिच्या दोन पाळ्या, म्हणजे दोन बाजू, मधोमध गुंतलेल्या असतात. दोन फळ्या त्याच्या हातून चिरल्या. तिसरी मी. मला पहिल्यांदा उघडून त्यानं उन्हात धरलं आणि विचारलं, "पोरगी वाचते काय?"

"सारं कुराण झालं तिचं," वडील म्हणाले. पण म्हणताना ते फकिराकडे नाही, खाली पडलेल्या भुश्शाकडे पाहत होते.

ते खरं नव्हतं. गावातल्या मुलींना शिकवणारी म्हातारी वारली तेव्हा खैरुन नुकती कुठे अक्षराला अक्षर जोडायला लागली होती. पुढे शिकवायला कुणी मिळालं नाही. पण सोयरीक ठरवताना मुलाकडच्यांनी पहिलाच प्रश्न केला, मुलीचं कुराण झालंय का? वडिलांनी मान डोलावली. एकदा डोलावलेली मान परत सरळ कशी करायची? त्या होकाराला टेकू म्हणून मला घडवलं गेलं. माझा जन्म असा आहे, मित्रांनो.

ब्याऐंशी साली खैरुनबी इचोड्याला नांदायला आली. तिच्या नवऱ्याचं, लतीफमियाँचं, मोठ्या रस्त्यावर सायकलचं दुकान होतं. समोरून हैदराबाद–नागपूरचे ट्रक दिवसभर धूळ उडवत जात. घर दुकानाच्या मागेच होतं. आमच्या गल्लीत उर्दू, मराठी, तेलुगू अशा मिसळून गेल्या होत्या की कुणी कुठल्या बोलीत बोललं हे बोलणाऱ्यालाही ठाऊक नसायचं.

मग रमजान आला. याच महिन्यात अल्लाहकडून कुराण उतरायला लागलं, म्हणून या महिन्यात रोजा आणि तिलावत, म्हणजे कुराण वाचणं, दोन्ही हातात हात घालून चालतात. खैरुनबीनं हातपाय-तोंड धुऊन वजू केली, मला उघडलं, माझ्यावर कुराण ठेवलं आणि डोळ्यांसमोर बोट धरून हळूहळू पुटपुटायला लागली. ओळ संपली की पुढची ओळ, पान संपलं की पुढचं पान. ती प्रत्येक ओळीला एकच म्हणायची, बिस्मिल्लाह. मला वाटलं, एवढ्या जाड ग्रंथात हे एकच वाक्य असेल. मी नवीन होते, मला काय कळणार!

दोन-तीन वर्षांनी लतीफमियाँनी घराची पुढची खोली बांधली, तेव्हा इमामसाहेबांनी माझ्यासमोर बसून कुराण वाचलं. त्यांचा आवाज चढत होता, उतरत होता, थांबत होता, आणि शब्द कितीतरी वेगवेगळे. तेव्हा मला कळलं.

वाचता न येणाऱ्या कितीतरी बाया ओळीवर बोट फिरवून बिस्मिल्लाह म्हणतात. त्यात वाईट काहीच नाही. पण त्या तसं सांगून करतात. खैरुनबीनं सांगितलं नाही. दर सत्ताविसाव्या रोज्याला लतीफमियाँ गल्लीभर बुंदी वाटायचे, "बायकोनं कुराण खत्म केलं." शेजारच्या ताराबाई बुंदीचा द्रोण हातात घेऊन म्हणायच्या, "आमची खैरुन मयनाभर पोथी वाचते व माय! पाण्याचा थेंब नाई घेत अन् वाचते. मले तं बसची पाटी वाचता येत नाई." मग बाया माझ्या बेलबुट्टीवरून हात फिरवायच्या. आणि खरं सांगते, मला ते आवडायचं. खैरुनबी खाली मान घालायची, लोकांना तो विनय वाटायचा.

आठ वर्षं असं चाललं.

एक्क्याण्णवचा रमजान चैत्राच्या उन्हात आला. दुपारची वेळ होती. मागच्या आळीतली कनीज धापा टाकत दारात आली. तिची सासू हुरमतबी पंधरा दिवसांपासून अंथरुणाला खिळली होती. सगळी आळी तिला नानी म्हणायची.

"भाभी, अम्माचं काही खरं नाई आता. यासीन ऐकायची म्हणून राह्यली. इमामसाब आदिलाबादले गेले, आले नाई. मले या दिवसांत कुराणाले हात लावता येत नाई. तुमीच चला."

मित्रांनो, माणूस शेवटच्या वाटेला लागलं की त्याच्या उशाशी सूरह यासीन, म्हणजे कुराणातला यासीन हा अध्याय, वाचतात. त्यानं जीव हलका होतो, जाणं सोपं होतं, असं मानतात. त्याहून मोठं मागणं माणूस माणसाकडे काय करणार? खैरुनबीचा चेहरा पांढराफटक पडला. आता तरी ती 'मला येत नाही' म्हणेल असं मला वाटलं. तिनं तोंड उघडलंही. पण मागून लतीफमियाँ म्हणाले, "जा ना! काऊन थांबली?" आणि तिनं कुराण छातीशी धरलं, मला काखेत मारलं आणि निघाली.

हुरमतबी बाजेवर पडली होती. कनीज अपराध्यासारखी दारातच उभी राहिली. खैरुनबीनं मला उशाशी मांडलं आणि कुराण उघडलं. ते बरोबर मधोमध उघडलं. माझ्या दोन्ही पाळ्यांवर सारखाच भार आला. यासीन तिथे नसते, ती बरीच पुढे, कुराणाच्या तीस पाऱ्यांपैकी, म्हणजे भागांपैकी, बाविसाव्याच्या अखेरीला लागते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कनीजला माहीत होतं.

खैरुनबी बोट फिरवत पुटपुटायला लागली. हुरमतबीनं थोडा वेळ कान दिला, मग डोळे उघडले.

"जरा मोठ्यानं वाच व माय. मले ऐकू नाई येऊन राह्यलं."

बोट थांबलं. खैरुनबीच्या कपाळावरून घामाचा थेंब माझ्या कडेवर पडला.

"रोजा हाय ना नानी," ती म्हणाली. "गळा सुकला."

रोजा म्हणजे नुसतं पोट उपाशी ठेवणं नव्हे. जिभेनंही खोट्यापासून दूर राहायचं असतं, हे लहान पोराला आधी शिकवतात. आणि तिनं रोज्याचंच नाव पुढे करून खोटं सांगितलं. मरणाऱ्या माणसाला. माझ्यावर कुराण उघडं असताना. मी लाकूड आहे, तरी त्या वेळी मी दुभंगले असते तर बरं झालं असतं.

हुरमतबी रागावली नाही. रागावली असती तर निदान काही तरी फिटलं असतं. ती म्हणाली, "हो व, ऊन बी लई हाय. राहू दे माय, तोंडातल्या तोंडात वाच. अल्ला ऐकते." आणि तिनं हात उचलून खैरुनबीच्या डोक्यावर ठेवला.

तिसऱ्या प्रहरी ती गेली.

त्या वर्षी सत्ताविसाव्या रोज्याला बुंदी वाटली गेली नाही. "डोळे दुखते," असं खैरुनबीनं सांगितलं. कुराण जुजदानात, म्हणजे त्याच्या कापडी गवसणीत, बांधून तिनं फडताळात सर्वांत वर ठेवलं आणि मला मिटून मागे सरकवलं. माझ्यावर धूळ साचली. लोक म्हणतात, उपेक्षेनं वस्तूला वाईट वाटतं. मला बरं वाटलं. निदान कुणी माझं कौतुक तरी करत नव्हतं. खैरुनबी मात्र कुणी हुरमतबीचं नाव काढलं की उठून चुलीकडे जायची, आणि चुलीवर काहीही नसायचं.

मग थंडीत एके दिवशी ताराबाई पाटी-पेन्सिल घेऊन ओट्यावर येऊन बसल्या. गावात सरकारचा मोठ्या माणसांचा वर्ग सुरू झाला होता आणि पन्नाशीच्या ताराबाई तेलुगू अक्षरं गिरवत होत्या. "पाह्य व खैरुन, जिलब्या काढून राह्यली मी! नातू हासते मले. हासू दे. परवा बसवर 'निर्मल' वाचलं म्या, कोणाले न इचारता."

"लाज नाई वाटत, ताराबाई?" खैरुनबीनं विचारलं.

"लाज? जलमभर चुकीच्या बसमंदी बसली, तवा वाटे." ताराबाई हसल्या आणि पुन्हा पाटीवर वाकल्या.

त्या गेल्यावर खैरुनबीनं स्टूल घेतलं, मला खाली काढलं, ओल्या फडक्यानं पुसलं. पुसता पुसता ती रडत होती. पदराखाली मला आणि कुराण घेऊन ती कनीजच्या घरी गेली. तिथे हुरमतबीची बाज अजून तशीच होती. खैरुनबी तिच्याकडे पाठ करून बसली आणि एका दमात म्हणाली, "मले वाचता येत नाई. कदीच येत नव्हतं. त्या दिशी मी यासीन वाचलीच नाई."

कनीज तिच्यासमोर येऊन बसली.

"मले तवाच समजलं होतं भाभी. कुराण मधातच उघडलं होतं तुमी."

"मंग बोलली काऊन नाई?"

"बोलली असती तं साऱ्या आळीत तुमचं नाक गेलं असतं. मी तुमची अब्रू पाह्यली, अन् अम्माची यासीन राह्यली. दुसऱ्या कोणाले बलावता आलं असतं मले. मी दारातच उभी राह्यली." आता तीही रडायला लागली. "मी बी कोणाले सांगतलं नाई."

त्याच दिवशी मी पुन्हा उघडले गेले, पण माझ्यावर कुराण नव्हतं. पोरांचा पातळ कायदा होता, अक्षरओळखीचा. अलिफ, बे, ते. खैरुनबी अडखळायची, चिडायची, पुस्तक मिटायची. कनीज म्हणायची, "जो अडखळत अडखळत वाचते, त्याले दोन सवाब भेटते. एक वाचायचा, एक कष्टाचा." सवाब म्हणजे पुण्य. खैरुनबी म्हणायची, "मले एक बी नको. मले फक्त वाचू दे."

पुढचा रमजान आला. महिनाभरात तिचा अर्धा पारादेखील झाला नाही. सव्विसाव्या रोज्याला लतीफमियाँनी विचारलं, "औंदा बुंदी किती सांगू?"

"सांगू नका," ती म्हणाली, आणि सगळं सांगून टाकलं, बापाच्या होकारापासून हुरमतबीच्या मरणापर्यंत. लतीफमियाँच्या हातात सायकलचा पाना होता, तो तसाच राहिला. शेवटी ते म्हणाले, "तुह्या बापानं मले तवाच खरं सांगतलं असतं, तं मी काय लगन मोडलं असतं?" मग खाली पाहत म्हणाले, "मोडलं असतं."

मग त्यांनी तिच्या बापाबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी गल्लीतली पोरं बुंदीसाठी दारात आली, तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं, "खत्म नाई झालं. आता कुठी सुरुवात झाली." कुणी हसलं, कुणी पाठीमागे बोललं. खैरुनबीनं ते ऐकून घेतलं.

तीन वर्षांनी, रमजानातल्या एका दुपारी, तिनं हुरमतबीच्या रिकाम्या बाजेजवळ मला मांडलं आणि यासीन वाचली. मोठ्यानं वाचली. रस्त्यावरच्या ट्रकच्या आवाजावर आवाज चढवून वाचली. कनीजनं सात ठिकाणी दुरुस्त केलं. शेवटी कुराणाला ओठ लावून खैरुनबीनं विचारलं, "नानीले ऐकू गेलं असंल काय?"

कनीजनं कुराण जुजदानात बांधायला घेतलं. ते मला ठाऊक नाही.

मित्रांनो, मला पुसून लखलखीत ठेवा असं मी तुम्हाला सांगणार नाही. धूळ बसली तर चालेल. पण एखादी गोष्ट येत नसेल तर 'येत नाही' म्हणा, आणि समोरचा माणूस ऐकायला जिवंत आहे तोवर म्हणा. खैरुनबी आज सुंदर वाचते, आळीतल्या मुली तिच्याकडे शिकतात आणि पहिल्याच दिवशी ती त्यांना आपली सगळी गोष्ट सांगते. हुरमतबीनं मात्र फक्त एकदाच मागितलं होतं, आणि तिला ते मिळालं नाही. त्याची लाज मला अजून वाटते, आणि ती कधी कमी होऊ नये असंच मला वाटतं.