एकेचाळीस वेळा चोवीस

एकेचाळीस गावकऱ्यांच्या शौचाच्या नमुन्यांत रक्ताचे प्रमाण मोजले असता एकेचाळीसही आकडे सारखेच निघाले : चोवीस.

आकडा विसाच्या वर गेला, की मोठ्या आतड्याची पुढची तपासणी करावी लागते. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बाईंनी यंत्र धुऊन पुन्हा चालवले. चोवीस. शेजारच्या गावाचे नमुने घातले, तर त्यांचे आकडे हवे तसे विखुरलेले आले. म्हणजे यंत्र शहाणे होते.

गावाला दवाखान्याचे वावडे. पण दूध घालायला प्रत्येक घरातून कोणीतरी रोज संकलन केंद्रावर येतेच. तेव्हा कर्करोग तपासणीच्या नळ्या तिथेच वाटाव्यात आणि तिथेच गोळा कराव्यात, ही कल्पना बाईंची. केंद्र चालवणारे त्यांचे सख्खे मामा. शुक्रवारपर्यंत उलगडा झाला नाही, तर केंद्राशी केलेला करार रद्द, असे वरिष्ठांनी बजावले होते. बाईंना मात्र दुसरीच काळजी होती : या एकेचाळिसांत कोणाला तरी खरोखर रक्त जात असेल, आणि ते कोणाला, हे सांगता येत नव्हते.

गावात समाधान होते.

"तुझे किती?" शिंप्याने न्हाव्याला विचारले.

"चोवीस."

"माझेही. मग काही नाही, हवा बदललीय."

एकटे निवृत्त मुख्याध्यापक भडकले. "मला शिंप्याइतकेच गुण? फेरतपासणी झाली पाहिजे!"

बुधवारी सकाळी बाई केंद्रावर जाऊन उभ्या राहिल्या. मामा प्रत्येक किटलीतले दूध लांब दांड्याच्या पळीने सात वेळा ढवळत, आणि मगच तपासणीची बाटली भरत.

"अगं, साय वर येते ना," ते म्हणाले. "न ढवळता घेतलेला नमुना म्हणजे शपथेवर खोटी साक्ष. बत्तीस वर्षांत माझा एकही नमुना परत आलेला नाही."

"घरी स्वतःच्या चहातली साखर ढवळत नाहीत हो," किटल्या विसळत मामी म्हणाल्या. "ती मीच ढवळायची."

बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"मामा, त्या नळ्या तुम्ही उघडल्यात?"

"म्हणजे काय! उघडल्याशिवाय ढवळणार कशा?"

"कशात ढवळल्यात?"

"नवी कोरी बरणी आणली, उकळत्या पाण्याने धुतली. सगळ्या नळ्यांतले, शौच कालवलेले पाणी तिच्यात ओतले, सात वेळा ढवळले, आणि रेषेपर्यंत परत भरले. थेंब सांडला नाही."

"पण एकत्र कशाला?"

"गावाची तपासणी ना? टँकरचा नमुना काय एकेका गाईकडून घेतात?"

मामी हसून हसून खालीच बसल्या. "अगं आई गं! म्हणजे मुख्याध्यापकांचे ते शिंप्याच्या नळीत?"

"मामी, हसू नकोस." बाईंनी मनातल्या मनात गुणाकार केला होता. "बाकी सगळे निर्मळ असतील, तर एकाच माणसाचा आकडा चोवीस गुणिले एकेचाळीस. नऊशे चौऱ्याऐंशी."

मामींचे हसू ओसरले. "त्या माणसाला काही दुखतच नसेल तर?"

"सुरुवातीला दुखत नाहीच बहुधा."

त्याच दिवशी नव्या नळ्या वाटल्या गेल्या. गुरुवारी सकाळी त्या चिकटपट्टी लावून गोळा झाल्या, तेव्हा मामींनी मामांना पळीसकट अंगणात उभे केले होते.

संध्याकाळी आकडे आले. चाळीस जण शून्याच्या आसपास. मुख्याध्यापक तर नेमके शून्य, आणि शून्य मिळाल्याबद्दल ते आयुष्यात प्रथमच आनंदले. उरलेल्या एका नळीत नऊशे दहा. आतडे रोज मोजून रक्त सोडत नाही, हे लक्षात घेता गुणाकार बरोबर होता. नळी मामींची होती.

"मूळव्याध असेल म्हणून वर्षभर गप्प बसले," मामी म्हणाल्या. "यांना सांगितले असते, तर गावभर झाले असते."

"झालेच की," मामा हळूच म्हणाले.

दुर्बीण घालून डॉक्टरांनी आतड्यातली गाठ काढली. तपासणीत कळले की तिचा कर्करोग व्हायचा होता, झालेला नव्हता. त्या दिवशी दवाखान्यात मामींचा चहा मामांनी ढवळला. सात वेळा.

करार टिकला. अहवालात बाईंनी कारणाच्या रकान्यात लिहिले : एका रुग्णाचे रक्त एकेचाळीस नळ्यांत समप्रमाणात आढळले, कारण संकलकाने सर्व नमुने एकत्र करून, दुधाच्या नियमानुसार, नीट ढवळले होते.