तुळजाबाईंच्या हाताचा गुण

त्या वेलीचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर अर्धा रायगड ती उकळून पिईल आणि डॉक्टरांच्या गोळ्या गटारात टाकेल. आपल्या लोकांना मी चांगली ओळखते.

मी दीक्षा. राहायला बिरवाडीत, कामाला महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या प्रयोगशाळेत. मलेरियाच्या जुन्या गोळीला आता काही जंतू दाद देत नाहीत. वरंध गावात झाडपाल्याचं औषध देणाऱ्या तुळजाबाई मात्र हिवतापाच्या माणसाला सांगायच्या, "सरकारी गोळी घ्या, वर माझा काढा घ्या," आणि माणूस उठून बसायचा. म्हणून त्यांच्याकडच्या त्या वेलीच्या वाळक्या मुळ्या आणल्या, अर्क काढला, पुण्याला तपासायला पाठवला. नुसता अर्क काहीच करत नव्हता. जुन्या औषधात मिसळला, की काचेच्या ताटलीतले तेच हट्टी जंतू मरत होते. मी घरी पेढे नेले.

पेढ्यांची घाई झाली. पुढच्या वेळी मुळ्या मी स्वतः खणून आणल्या, लख्ख धुतल्या, ओव्हनमध्ये वाळवल्या. पुण्याचं उत्तर आलं, परिणाम शून्य. तिसऱ्यांदाही शून्य. प्रयोगशाळेचे प्रमुख राजेश सर म्हणाले, "आणखी एकदा बघू. नाही जमलं तर काम बंद." दोन वर्षांचं काम होतं. मी दिवसभर सगळ्यांवर खेकसत होते.

शेवटी स्कूटर काढली आणि वरंध गाठलं. तुळजाबाई तांदूळ निवडत होत्या.

"आजी, मुळ्या आणल्यावर तुम्ही त्यांचं काय करता?"

त्यांनी सुपातून मान वर केली नाही. "ते सांगायचं नसतं गो. सासूनं बजावलंय. सांगितलं की हाताचा गुण जातो."

अंधश्रद्धेवरचं व्याख्यान माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळलं. चाळीस वर्षं गावात त्यांना मान होता तो त्या हातामुळेच. मी एवढंच म्हणाले, "नाही कळलं तर हे काम इथेच बुडेल, आजी. ज्यांना नुसती गोळी पुरत नाही, त्यांचं मग काय?"

त्यांनी सुपातले उरलेले तांदूळ निवडून संपवले. मग सूप बाजूला ठेवलं. "ये इकडं."

चुलीमागे मडकं होतं. त्यात तांदळाचं आंबलेलं धुवण आणि बुडालेल्या मुळ्या. वास असा, की प्रयोगशाळेत मी ते मडकं फेकूनच दिलं असतं.

"तीन दिस यात. मंग सावलीत."

चौथ्या वेळी मी अगदी तसंच केलं. पुण्याहून फोन आला, जंतू मेले होते, आणि मी सगळ्यांसमोर रडले. अहवालात पहिलं नाव तुळजाबाईंचं घातलं. सर आडवे आले असते तर मी भांडले असते.

अहवाल घेऊन वरंधला गेले, तर मडकं अंगणात पालथं घातलेलं.

"काढा नाही केलात?"

"तुला सांगितलं त्या दिसापासून कुणाला दिला नाय. गुण गेलेल्या हातानं कसा देऊ? सगळ्यांना दवाखान्यात धाडते."

कागद त्यांच्या हातात दिला, त्यांचं नाव बोटानं दाखवलं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडेच पाहिलं.

"तुझ्याकडं आला का गो गुण?"

"आला, आजी."

"मंग बरं झालं. वाया नाय गेला."

मी सहसा कुणाच्या पाया पडत नाही. त्या दिवशी पडले.