पाखरीचा कानमंत्र

भैरूने चौथ्यांदा वाकून पाखरीचा मागचा पाय धरला आणि घोडीने तो चौथ्यांदा हिसडून सोडवला. खुरात खडा अडकला होता. तो निघाला नाहीच, वर बादली कलंडून भैरूचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं.

चुलीपुढची त्याची बायको बानूबाई बाहेर आली. पीठ लागलेले हात पदराला पुसत तिने पाखरीच्या मानेवर थाप मारली आणि कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटली. घोडीने आपणहून पाय उचलला. बानूबाईने खडा काढून फेकला आणि ती भाकरीकडे परत निघाली.

"काय सांगितलंस तिला?"

"काय न्हाई बा."

भैरूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मेंढरं होती तोवर बाप्यांनी कळपामागे जायचं आणि बायकांनी घोडी हाकायची. बाज, भांडी, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं, सगळं घोडीवर लादून पुढचा मुक्काम गाठायचा तो बायकांनीच. पाखरी शिंगरू असल्यापासून बानूबाईच्या हातची होती. दोन वर्षांपूर्वी मेंढरं विकून ते खुटबावला शेतीवर स्थिरावले, तेव्हा आता तरी ही घोडी आपली होईल, असं भैरूला वाटलं होतं. तो तिला चणे भिजवून घाली, उसाचं वाडं बारीक तोडून घाली. पाखरी सगळं फस्त करी आणि त्याच्याकडे पाठ फिरवून उभी राही. बानूबाईची नुसती चाहूल लागली तरी मात्र खिंकाळे.

"घोडी तुझी का वहिनीची रं?" शेजारचा हरिबा बांधावरून हमखास विचारायचा. भैरू हसण्यावारी न्यायचा, पण घास गोड लागायचा नाही. आपल्याच दारात आपण उपरे. बायकोने घोडीला काहीतरी कानमंत्र दिलाय, याबद्दल त्याच्या मनात शंका उरली नव्हती.

बुधवारी जेवण झाल्यावर तो दौंडला निघतो म्हणाला. पिशवी घेऊन रस्त्याला लागला, ओढ्याकडून उसातून उलटा फिरला आणि गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीआड उकिडवा बसला. आज तो शब्द ऐकायचाच.

बानूबाई खरारा घेऊन आली. पाखरी खिंकाळली. भैरूने कान टवकारले.

"आज गुडघा लई ठणकतोय बघ. उजवा," बानूबाई खरारा फिरवत म्हणाली. "त्यास्नी न्हाई सांगितलं. बरं म्हनत्याल आन् उठून जात्याल."

पाखरीने शेपटी हलवली.

"स्वप्नालीचा फोन आला हुता बूथवर. तिसरा म्हैना लागलाय तिला. पैलं तुलाच सांगतीया."

लेकीची एवढी बातमी, आणि ती आधी घोडीला!

"आजून पहाटं मेंढरांचा आवाज येतो गं माझ्या कानात," बानूबाई हळू म्हणाली. "त्यास्नी बी येत आसंल. पर इचारावं कसं?"

एवढंच. खरारा संपला, ती लंगडत घरात गेली. मंत्र असा काही आलाच नाही. भैरू बसल्या जागीच राहिला. दोन वर्षं त्याने बानूबाईचा हेवा केला होता. आता त्याला त्या घोडीचा हेवा वाटत होता.

दिवस कलल्यावर तो रस्त्याने रिकामी पिशवी हलवत घरी आला. नेहमीसारखा ओट्यावर न बसता आत गेला आणि चुलीजवळ उभा राहिला.

"उजवा गुडघा लई ठणकतोय का गं?"

बानूबाईचा हात परातीत थांबला.

"तुमास्नी कुनी सांगितलं?"

भैरूने हनुवटीने गोठ्याकडे दाखवलं. "पाखरीनं."

बानूबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग हात लांबवून त्याच्या फेट्यात अडकलेली कडब्याची काडी काढली आणि चुलीत टाकली.

"बघा की," ती फुरंगटून म्हणाली, "माझ्यासंगं येवढ्या वर्सांत येक अक्षर बोलली न्हाई मेली." पुन्हा परातीत हात घालत तिने विचारलं, "आन् काय काय म्हनली?"

"लई काय काय," भैरू म्हणाला आणि पाट ओढून तिच्याजवळ बसला. "मलाबी येतो गं. पहाटंचा आवाज."

बाहेर पाखरी खिंकाळली. थोड्या वेळाने परत खिंकाळली. बानूबाई उठली नाही.