मागचे दोन पिंजरे

२००८ चा फेब्रुवारी. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत आयटीत नोकरी करणाऱ्या दिगंबरकाकांकडे पायलटचं लायसन्स होतं. सुट्टीच्या दिवशी ते फ्लाइंग क्लबचं छोटं विमान घेऊन दक्षिणेकडच्या राज्यांतल्या, बेवारस कुत्र्यांच्या शेल्टरमधले कुत्रे न्यू जर्सीला आणायचे, फुकट. तिकडे जागा संपली की कुत्र्यांना इंजेक्शन देऊन मारत.

त्या शनिवारी मदतीला रुचा होती. मूळची नागपूरची, इथे केमिस्ट्रीत पीएच.डी. करत होती. व्हर्जिनियातून त्यांनी एक काळी कुत्री आणि तिची तीन पिल्लं घेतली. मागची सीट काढून तिथे दोन पिंजरे बांधले. निघताना पिल्लांनी इतका गोंधळ घातला की काका हसून म्हणाले, "हेडसेट घाल गं, कान किटतील."

वर कडाक्याची थंडी होती. काकांनी हीटर पूर्ण सोडला.

तासाभराने रुचाचं डोकं दुखायला लागलं. सकाळपासून काही खाल्लं नाही म्हणून असेल, असं तिला वाटलं. मग लक्षात आलं, मागून आवाजच येत नाहीये. तिने वळून पाहिलं. पिल्लं एकमेकांवर पडली होती. कुत्रीच्या तोंडातून फेस आला होता, डोळे अर्धवट उघडे.

"काका, ही सगळी झोपलीत."

"छान. झोपू दे."

रेडिओवर खालच्या हवाई वाहतूक कंट्रोलरने उंची विचारली. काकांनी वेग सांगितला. त्याने पुन्हा विचारलं, काकांनी पुन्हा वेगच सांगितला, अगदी शांतपणे. त्यांचे गाल लाल झाले होते. विमान हळूहळू डावीकडे कलत होतं आणि ते समोर बघत बसले होते.

रुचाला लॅबमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं आठवलं: ज्या गॅसला वास नसतो, त्याला घाबरा. कार्बन मोनॉक्साइड.

"काका, हीटर बंद करा. त्यातून इंजिनाचा धूर आत येतोय!"

"थंडी वाजेल गं तुला," ते लाडाने म्हणाले.

तिने स्वतःच हीटरचा नॉब आत ढकलला आणि खिडकी उघडली. बर्फासारखा वारा आत घुसला. तिने काकांची मान धरून त्यांचं तोंड खिडकीकडे केलं. त्यांना उलटी झाली. दोन-तीन मिनिटांनी त्यांनी कलतं विमान सावरलं आणि घोगऱ्या आवाजात रेडिओवर मदत मागितली.

कंट्रोलरने पेनसिल्व्हेनियातल्या एका लहानशा धावपट्टीकडे नेलं. विमान दोनदा आपटून थांबलं. तिथल्या मेकॅनिकने इंजिनाचं कव्हर काढून धुराच्या पाइपाला गेलेला तडा दाखवला. जुना होता तो, कडा काळ्या पडलेल्या. "अजून दहा मिनिटं वर राहिला असतात, तर..." तो म्हणाला.

पिंजरे गवतावर ठेवले होते. दोन पिल्लं थरथरत उठली. कुत्रीही थोड्या वेळाने पाणी प्यायली. तिसरं पिल्लू उठलं नाही. काका त्याची छाती चोळत राहिले, बोटं बधिर होईपर्यंत.

"काका, पुरे आता."

"सोमवारी शेल्टरवाल्यांनी याला मारलंच असतं ना?" ते म्हणाले.

दोघांना हॉस्पिटलमध्ये नेणारी गाडी येत होती. त्याआधी काकांनी खिशातून फोन नंबर लिहिलेला कागद काढला. तेच तिसरं पिल्लू घ्यायला एडिसनची एक बाई दुपारपासून न्यू जर्सीच्या विमानतळावर थांबली होती. दोनदा नंबर चुकला. तिसऱ्यांदा लागला.

"हॅलो," पलीकडून आनंदाने आवाज आला, "आलात का?"